चोवीस पाटे आणि पाण्याची धार

पाण्यानं लोखंड कापतात म्हटल्यावर गणपतीचा घास हातातच राहिला.

"कशानं?"

"पाण्यानं, बाबा."

"साध्या?"

"साध्या."

"पंचगंगेच्या?"

"बोअरच्या. फिल्टर करून."

गणपतीनं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, पण तोंडात काही घातला नाही. शिरोलीच्या एका फाउंड्रीत सत्तावीस वर्षं त्यानं ग्राइंडर धरला होता. ओतलेलं लोखंड साच्यातून बाहेर आलं की त्याच्या कडेला नको ते बरंच चिकटून येतं, ते घासून काढायचं, हे त्याचं काम. कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक काळे डाग. शर्ट कितीही धुतला तरी त्याला तापलेल्या लोखंडाचा वास.

"मग मी काय उगंच सत्तावीस वर्षं ठिणग्या खाल्ल्या व्हय?"

"तुम्ही खाल्ल्या म्हणून तर मी शिकलो की," निशा म्हणाली, आणि आमटीची पळी पुढं केली.

हे २००३ सालचं बोलणं. निशा तेव्हा चोवीस वर्षांची. पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा करून शिरोली एमआयडीसीतच, बापाच्या फाउंड्रीपासून चार गल्ल्या सोडून, मृत्युंजयअण्णांच्या शेडमध्ये कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला लागलेली. मृत्युंजयअण्णा गडहिंग्लजकडचे. घरचा पिढीजात व्यापार गुळाचा. घरात कानडी, बाजारात मराठी आणि राग आला की दोन्ही. गुळाच्या अडतीत जीव रमेना म्हणून ते यंत्रांत शिरले, आणि एक दिवस भल्यामोठ्या खोक्यातून हे पाण्याचं यंत्र घेऊन आले.

दिसायला ते अगदीच गरीब होतं. एक टेबल, टेबलाखाली पाण्यानं भरलेली टाकी, वर चारी दिशांना सरकणारं एक डोकं आणि त्या डोक्यातून खाली आलेली करंगळीएवढी नळी. खरी ताकद शेजारच्या खोलीत, पंपात. तिथं तेलाचा दाब एका रुंद दट्ट्याला ढकलतो. त्या रुंद दट्ट्याला जोडलेला असतो बारीक दट्ट्या, त्याचं तोंड मोठ्याच्या विसाव्या हिश्शाचं. थोरल्यानं गोळा केलेला सगळा जोर धाकट्याच्या तेवढ्याशा तोंडावर येतो आणि दाब वीसपट होतो. घरातल्या कुकरची शिट्टी ज्या दाबाला उडते त्याच्या जवळजवळ चार हजारपट. एवढा दाब सोसलेलं पाणी मग माणकाच्या खड्याला पाडलेल्या भोकातून बाहेर सोडायचं. भोक किती, तर तीन-चार केस एकत्र धरले तर जेवढे भरतील तेवढं. बाहेर पडणारी धार आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगानं पळते. रबर नि चामडं ती नुसतीच कापते. लोखंड आणि दगडासाठी मात्र तिच्यात बारीक लालसर वाळू सोडावी लागते. धार वाळूला ओढून घेते, वाळूचा एकेक कण दगडाचा एकेक कण उडवत जातो. म्हणजे कापते वाळू, पाणी तिला पळवतं. उरलेला जोर खालच्या टाकीतलं पाणी पोटात घेतं. ठिणगी नाही, धग नाही. कापलेली वस्तू हातात घ्यावी तर गार.

पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं आठ दिवस शिकवलं. ज्या दोघांना शिकवलं त्यातला एक महिन्याभरात चाकणला गेला. दुसऱ्यानं धारेची किंकाळी ऐकून गावाकडची शेती बघायचं ठरवलं. उरली निशा. आकार काढायची तीच, तो यंत्राला सांगायची तीच.

"तू चालीवतीस काय?" अण्णांनी विचारलं.

"बघतो की."

"बघू नगंस. चालीव."

तिनं चालवलं. पहिल्या महिन्यात तीन माणकं खराब झाली. चौथं घालायच्या आधी तिनं खराब झालेला खडा भिंगाखाली धरला, तर भोकाच्या कडेनं पांढरी खपली. आईच्या चहाच्या पातेल्याला आतून धरते तशी. बोअरचं पाणी जड होतं. फिल्टर बदलला, माणकं टिकायला लागली. अण्णांनी त्या दिवशी तिला पहिल्यांदा "निशाताई" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी विसरून गेले.

हळूहळू तिचा कान तयार झाला. धार नीट असली की आवाज एकसुरी, ताणलेल्या तारेसारखा. वाळू अडकली की तो पातळ होतो, नळी झिजली की घोगरा. आणि धारेच्या वागण्यातली एक गोष्ट तर तिला फारच आवडली होती. आपल्याला वाटतं धार वरून खाली सरळ जाते. जाड दगडात ती तशी जात नाही. वरचं टोक पुढं पळतं आणि खालचं मागं रेंगाळतं, भरभर चालणाऱ्या बाईचा पदर मागं रेंगाळावा तसं. म्हणून कोपरा आला की हळू व्हायचं, पदराला येऊन पोचू द्यायचं, मगच वळायचं. घाई केली की वरून कोपरा देखणा आणि खालून फसलेला.

काम घेऊन येणारे शेडच्या दारात थांबत.

"ऑपरेटर कुठं हाय?"

"मीच की."

"न्हाय, मशीनवाला?"

"मशीनवाली. बोला पावणं."

अशी तीन वर्षं गेली.

२००६ साली वारणेकाठच्या त्यांच्या गावात विहार बांधायला काढला. गणपती शहराला लागून राहिला असला तरी वस्तीतलं घर होतं, भावकी होती. दर्शनी भिंतीवर दगडी धम्मचक्र बसवायचं ठरलं आणि सगळ्यांनी एका तोंडानं सांगितलं, गणपतीची निशा दगड कापते, तिला सांगा.

अण्णा खूश झाले. "हॉटेलांच्या लॉबीत बसवतात तसलं करू. फरशीत, मधोमध. लई झकास दिसतंय."

"फरशीत न्हाय, अण्णा."

"का?"

"पाय पडतील."

अण्णांनी क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि स्वतःच्याच कपाळाला हात लावला. "आमच्यात बी न्हाय चालणार. चुकलं. भिंतीत."

चक्राला आरे चोवीस. दगड कुठला, यावर वस्तीत दोन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत कुण्या बाईनं म्हटलं, घराघरात मिक्सर आलेत, पाटे नुसतेच मोरीजवळ पडून आहेत, एकेका घराच्या पाट्याचा एकेक आरा का होऊ नये? मग काय, पुरुषांना बोलायला जागाच उरली नाही. घरं एकतीस होती. कुणाचा पाटा फुटलेला, कुणी तो नळाखाली कपडे आपटायला वापरून वाटोळं केलेलं, कुठं भावाभावांचा मिळून एक. बरीच ओढाताण करून चोवीस भरवले.

धोंडुबाई आणि चिमणाबाई या जावाजावा. लग्न होऊन एकाच घरात आलेल्या, चाळीस वर्षांपूर्वी चुली वेगळ्या झालेल्या. त्यांचा दोघींत एक पाटा धरावा असं कुणीतरी सुचवलं, तेव्हा दोघी आयुष्यात पहिल्यांदा एकाच वेळी एकच वाक्य बोलल्या : "न्हाय जमायचं."

टेम्पोतून पाटे शिरोलीला आले. प्रत्येकाच्या पाठीवर ऑइल पेंटनं घराचं नाव. निशानं ते शेडच्या भिंतीला ओळीनं टेकवून उभे केले. कुठला मधोमध झिजून होडीसारखा झालेला, कुठला एका अंगाला कललेला. त्या घरची बाई डावखुरी असणार. कांदा-लसणाचा नि मिरचीचा वास अजून होता. पहिला पाटा कापताना धारेबरोबर उडालेल्या तुषारांनी अण्णांना सात शिंका आल्या.

काम सोपं नव्हतं. नळीचं टोक दगडापासून दोन मिलिमीटरवर राहावं लागतं. जवळ गेलं की आपटतं, लांब राहिलं की धार फाकते. पाटा तर होडी. निशा प्रत्येक पाट्याची उंची वीतभरात दहा ठिकाणी मोजायची, आणि काप चालू असताना नळी हातानं वरखाली करायची. झिजलेली वरची बाजू तशीच राहू द्यायची, असं तिनं ठरवलं होतं. भिंतीवर चक्र लागल्यावर प्रत्येकीला आपल्या घराचा हात ओळखता यायला हवा.

दहा आरे झाले. अकरावा पाटा धोंडुबाईचा.

तो आधीच्या दहांपेक्षा वेगळा दिसत होता. अंगभर पांढुरके, ताजे ठिपके. धोंडुबाईनं पाटा पाठवायच्या आधी त्याला टाकी लावून घेतली होती. आठ-दहा वर्षांत गावात टाकीवाली फिरकली नव्हती; धोंडुबाईनं निरोप धाडून बाजारातल्या एका म्हातारीला बोलावलं आणि छिन्नी-हातोड्यानं सगळा पाटा नव्यासारखा टोचून घेतला. आरा व्हायला निघालेल्या पाट्याला टाकीचा काय उपयोग, असं कुणी विचारलं तर म्हणाली होती, "लेकीला धाडताना हातात बांगड्या भरतो का न्हाय? मग."

निशाला तो पाटा बघूनच बरं वाटलं. इथंच तिचं चुकलं. ठिपके तिनं बघितले. ठिपक्यांच्या मधून गेलेली केसासारखी रेघ तिला दिसली नाही.

दगडात पहिलं भोक पाडायचं ते कमी दाबानं पाडावं, मग दाब वाढवावा, हा नियम तिला पाठ होता. पण कमी दाबाला वाळू नळीत तुंबते, वेळ जातो. बेसाल्ट कणखर असतो. दहा पाटे पूर्ण दाबानंच सुरू केले होते आणि काही झालं नव्हतं.

धार सुरू झाली. तार ताणली. आणि तिसऱ्या सेकंदाला एक आवाज आला, सुपारी फुटावी तेवढाच.

निशानं लाल बटण दाबलं. पाणी ओसरलं तेव्हा पाट्याचे चार तुकडे झालेले होते, त्यातला लांबात लांब एक वीतसुद्धा नव्हता. आरा वीत नि चार बोटं.

काय झालं ते तिला लगेच कळलं. म्हातारीच्या हातोड्यानं जुन्या दगडात बारीक चीर पडली होती. धारेचं पाणी त्या चिरेत शिरलं. पाण्याला दाबावं तर ते फारसं दबत नाही. मागून चार हजार कुकरांचा रेटा, पुढं वाट नाही. मग ते कडेच्या भिंतींना ढकलतं. लाकडात पाचर ठोकल्यासारखं.

अण्णा येऊन बघून गेले, परत आले.

"चिमणाबाईचा पाटा मोठा हाय," ते म्हणाले. "त्यात दोन आरे निघतील की. कुणाला कळतंय?"

निशानं पाट्याचे चारही तुकडे नाव वर येईल असे जुळवून ठेवले.

"मी आपलं सुचवलं. दगड शेवटी दगड."

"व्हय," निशा म्हणाली. "पण नाव घराचं हाय."

त्या दिवशी तिनं दुसरा पाटा टेबलावर घेतला नाही. घरी गणपतीला सांगितलं. त्यानं हातावरचे डाग खाजवले. "फाउंड्रीत तडकलेलं कास्टिंग पुट्टी भरून रंग मारून धाडलेलं बघितलंय मी," तो म्हणाला. "परत येतंय ते. कवा ना कवा येतंयच. रविवारी जाऊन ये."

रविवारी एसटीत बसल्यावर निशानं वाक्यं जुळवायला सुरुवात केली. टाकीचं बोलायचं नाही, हे तिनं कोडोली यायच्या आतच ठरवून टाकलं. मायेनं लावलेली टाकी. तीच नडली म्हणून अडुसष्ट वर्षांच्या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं? माझ्याकडून चूक झाली, एवढंच. आणि ते खोटंही नव्हतं.

धोंडुबाई सोप्यात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. "ये गं इंजनेर. पाणी घे. आमचा आरा झाला व्हय?"

निशा पाणी न घेताच बसली. "आज्जी, तुमचा पाटा फुटला."

धोंडुबाईनं तांदळातला एक खडा उचलला, दारातून बाहेर टाकला.

"कुणाकडनं?"

"माझ्याकडनं."

"पडला?"

"न्हाय. पाण्यानं."

"पाण्यानं." सूप थांबलं. "रोज दोन येळा पाण्यानं धुतलाय मी त्येला. पन्नास वरसं. तवा न्हाय फुटला."

"ह्ये पाणी येगळं असतंय, आज्जी. लई जोराचं. मी हळू सोडाया पायजे हुतं, एकदम सोडलं."

"बाकीच्यांचं बी एकदमच सोडलंस?"

"...व्हय."

"त्ये न्हाय फुटलं?"

"न्हाय."

"मग माझाच का?"

निशानं लोट्यातलं पाणी प्यायलं. सगळं प्यायलं. जुळवलेली वाक्यं संपली होती.

"त्यात चीर हुती. बारीक. पाणी आत शिरलं नि दगड उकलला. चीर मला दिसली न्हाय. बघणं माझं काम हुतं."

"चीर कुठनं आली?"

निशानं रिकामा लोटा खाली ठेवला.

धोंडुबाई तिच्याकडं बघत राहिली आणि मग तिचा चेहरा हळूच उतरला. "टाकीनं," ती म्हणाली. "त्या म्हातारीचा हात जड पडत हुता. मला ऐकू येत हुतं. म्हटलं असू दे, चांगली खोल लावतीया."

आत कुणीतरी रेडिओ लावला, बंद केला.

"हितं बघ," धोंडुबाई भिंतीतल्या कोनाड्याकडं बोट करून म्हणाली. "दीक्षा घेतली तवा मी नवी नवरी. सासऱ्यानं घरातलं देव टोपलीत घालून वारणेत सोडलं. ह्या जागंवर काय बी उरलं न्हाय. सासू येडबडली, म्हणायची, घर भकास दिसतंय. मग बाजारातनं पाटा आणला नि ह्या कोनाड्याखाली मांडला. सकाळी उठून सगळ्यात आधी मिरची वाटायची. सासू म्हणाली, आता बरं वाटतंय, आवाज हाय." तिनं सूप बाजूला सारलं. "चिमणी तवा आली बी नव्हती ह्या घरात."

"अण्णा म्हणत हुते, चिमणाआज्जींच्या पाट्यातनं दोन—"

"काय?" आता तिचा आवाज पार अंगणापलीकडं गेला. "माझ्या घरच्या नावानं चिमणीचा दगड? अगं, मी मेल्यावर माझ्या पाठीमागं बी ऐकवंल ती!"

"मी न्हाय म्हटलं त्यांना."

"म्हणून आलीस?"

"म्हणून आलो."

धोंडुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. भांडी सरकवल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात वरवंटा होता. काळा, गुळगुळीत, मधे थोडा बारीक झालेला. एका टोकाला आल्याची ओली सालं चिकटलेली.

"ह्यो मी दिला न्हवता," ती जरा ओशाळून म्हणाली. "चहात आलं लागतंय मला. फरशीवर ठेचतो." पदरानं तिनं सालं पुसली. "दगुड त्योच हाय. एकाच खाणीतला, एकाच दिवशी आणलेला. ह्याला टाकी बी न्हाय लावलेली. बसंल?"

निशानं वीत टाकली. वीत नि पाच बोटं.

"बसंल, आज्जी. पण गोल हाय, जाड हाय. लई हळू कापाया लागंल."

"मग काप की हळू. घाई कुणाला हाय? मी येतो बघायला."

आणि ती आली. मंगळवारी सकाळच्या एसटीनं, वरवंटा पिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन. मृत्युंजयअण्णा दारापर्यंत सामोरे गेले. "या अव्वा, या," ते घरच्या कानडीत आजीला म्हणावं तसं म्हणाले. त्यांनी स्वतः खुर्ची पुसून दिली. ती खुर्चीवर न बसता थेट यंत्राजवळ गेली.

गोल दगड टेबलावर ठरत नाही. निशानं लाकडी पेटीत प्लास्टर ओतून त्यात वरवंटा अर्धा बुडवून ठेवला होता. भिंगानं तिनं तो दोनदा तपासला. या खेपेला तिनं दगडात भोक पाडायचंच नाही असं ठरवलं होतं. बाहेरून, प्लास्टरमधून सुरुवात करायची आणि कडेनं आत शिरायचं.

"पाणी कुठनं येतंय?" धोंडुबाईनं विचारलं.

"ह्या नळीतनं. आत माणकाचा खडा हाय, त्याच्या भोकातनं."

"माणिक? अंगठीतला?"

"आमच्या मशीनला तेवढा एकच दागिना हाय, अव्वा," अण्णा म्हणाले.

धार सुरू झाली. शेडचे पत्रे थरथरले. धोंडुबाईनं कानावर हात ठेवले, मग एक काढला.

"एवढीशी?" ती ओरडून म्हणाली. "सुतासारखी? मला वाटलं बंबासारखं पाणी असंल!" आणि तिनं बोट पुढं केलं.

निशानं तिचं मनगट जिथल्या तिथं धरलं. "बोट न्हाय लावायचं!"

"पाणी तर हाय की."

"हाड कापून जाईल. कळणार बी न्हाय."

धोंडुबाईनं बोट मागं घेतलं, पदरात गुंडाळलं आणि त्यानंतर सव्वा तास ते तिनं बाहेर काढलं नाही.

सव्वा तास लागला. मिनिटाला आठ मिलिमीटर. निशाचा एक हात नळीच्या उंचीवर, कान धारेवर. गोल दगडाचा चढ आला की ती नळी वर घ्यायची, उतार आला की खाली. आऱ्याच्या निमुळत्या टोकाशी पोचल्यावर तिनं वेग अजून निम्मा केला. मागं रेंगाळणारी धार खाली येऊन पोचेपर्यंत थांबली. मग वळली. मधे एकदा आवाज पातळ झाला. तिनं वाळूच्या डब्याला टिचकी मारली आणि तार पुन्हा ताणली. अण्णा दोनदा येऊन नुसते उभे राहून गेले. बोलले नाहीत, हे त्यांच्या मानानं फार झालं.

यंत्र थांबल्यावर शेड एकदम मोठी वाटली. निशानं प्लास्टर फोडलं आणि आतून आरा काढून धोंडुबाईच्या ओंजळीत दिला. बाकीचे दहा वरून खळगे पडलेले, खरखरीत होते. हा पाठीवर गोलसर, हाताखाली गुळगुळीत. पन्नास वर्षांच्या तळव्यांनी घासलेला.

"गार हाय!" धोंडुबाई म्हणाली. तिला चटका बसेल असं वाटलं होतं. तिनं आरा उलटा केला, सुलटा केला, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग दहा आऱ्यांच्या ओळीत स्वतःच्या हातानं नेऊन ठेवला आणि जरा मागं होऊन बघितलं. "उठून दिसतोय," ती म्हणाली. "जरा जास्तच. दिसू दे."

निशा हसली, आणि किती दिवसांनी हसतेय ते तिचं तिलाच कळलं.

धोंडुबाई आता भिंतीला टेकवलेल्या उरलेल्या तेरा पाट्यांकडं वळली. "ह्ये अजून कापायचं हाईत?"

"व्हय. आता एकेक भिंगाखाली बघूनच."

"भिंग कशाला? दगुड घेताना आम्ही भिंग घेऊन जातो व्हय?" तिनं वरवंट्याचा उरलेला तुकडा उचलला, पहिल्या पाट्याशी वाकली आणि अंगावर हलकेच ठोकलं. खण्ण. "ह्यो खरा." दुसरा. खण्ण. तिसरा, चौथा. निशा खडू घेऊन मागं मागं. प्रत्येक पाट्यावर बरोबरची खूण. तीन वर्षं यंत्राचा आवाज ऐकणाऱ्या निशाला दगडाचा आवाज ऐकायचं सुचलं नव्हतं.

नवव्या पाट्याला धोंडुबाईनं ठोकलं. बद्द.

ती थांबली. पुन्हा ठोकलं, जरा खाली, मग डावीकडं. खण्ण, खण्ण, बद्द. या पाट्यालाही ताजे पांढुरके ठिपके होते. तिनं पाटा पुढं ओढून पाठीवरचं नाव निशाला वाचायला लावलं, पण तिला ते आधीच माहीत असावं.

"चिमणाआज्जी," निशा म्हणाली.

"माझं बघून तिनं बी टाकी लावून घेतली. त्याच म्हातारीकडनं." धोंडुबाई खाली बसली. आवाज जिथं मरत होता तिथं तिनं बोट ठेवलं आणि कोपऱ्यापर्यंत तिरकं नेलं. "खडू मार. हितनं हितपातूर. ह्या अंगाला जाऊ नगंस. आरा त्या अंगातनं काढ. निघंल?"

निशानं मोजलं. त्या अंगाला वीत नि सहा बोटं शिल्लक होती. "निघंल. कडंनं शिरलो, हळू सोडलं, तर निघंल."

"मग काढ." धोंडुबाई उठली, वरवंट्याचा तुकडा आपल्या पिशवीत टाकला. दारापर्यंत गेली आणि वळली. "आन् चिमणीला सांगायचं, बरं का. धोंडीनं वाजवून दिला म्हणून वाचला, असं सांगायचं. न्हाय तर म्हणंल, माझाच दगुड खमका निघाला."

"सांगतो, आज्जी."

"आजच सांग. फोन हाय त्यांच्यात."